हडपसर ते हिंजवडी पॅसिव्ह डब्ल्यूडीएमवर भागेल का?

डब्ल्यूडीएम म्हणजे एकाच फायबरमधून वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे तरंगलांबींचे, अनेक सिग्नल पाठवणं; पॅसिव्ह म्हणजे ते बिनविजेच्या डब्यांनी, ॲक्टिव्ह म्हणजे विजेवरच्या यंत्रणेने. प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची हडपसरला छोटी इंटरनेट सेवा कंपनी आहे. हडपसर ते हिंजवडी डार्क फायबरची (नुसती काचेची तार, उपकरणं आपली) एक जोडी त्यांनी भाड्याने घेतली आहे. मार्ग ३८ किलोमीटरचा, त्यावर आज ४० किलोमीटरवाल्या १५५० नॅनोमीटरच्या मॉड्यूलने एकच १०जी (सेकंदाला १० गिगाबिट) लिंक चालते. दिवाळीपर्यंत अशा चार लिंक हव्यात, दोन वर्षांत आठ. पुढे सासवड-जेजुरीमार्गे बारामती गाठायचा बेत आहे. एका विक्रेत्याने ॲम्प्लिफायरसकट ॲक्टिव्ह चासीचं (कार्ड बसवायच्या पेटीचं) कोटेशन दिलंय. दुसरा म्हणतो, "साहेब, दोन डबे लावा, वीजसुद्धा लागत नाही." दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. कोणाचं ऐकायचं? आणि काम करताना चालू लिंक किती वेळ बंद ठेवावी लागेल?

माझं उत्तर आधी सांगतो: हिंजवडीला पॅसिव्ह, बारामतीला ॲक्टिव्ह. पण पॅसिव्ह घेताना दुसरा विक्रेता जे देतोय ते जसंच्या तसं घेऊ नका, कारण त्याच्या यादीतली मॉड्यूल्स तुमच्या मार्गावर चालणार नाहीत.

आधी एक गैरसमज काढू. पॅसिव्ह मक्स (रंग एकत्र आणि वेगळे करणारा डबा) आणि ॲक्टिव्ह मक्स या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू नाहीत. लाखो रुपयांच्या चासीतलं मक्सचं कार्ड उघडलंत तर आत तेच फिल्टर किंवा तीच एडब्ल्यूजी (रंग वेगळे करणारी) चिप निघते जी त्या "दोन डब्यांत" आहे. काच सारखीच. फरक दोन गोष्टींचा. पहिली, प्रकाशाला नेमका रंग कोण देतो. पॅसिव्हमध्ये तुमच्या स्विचमध्ये खोचलेलं कलर एसएफपी (ठरलेल्या रंगाचं छोटं ऑप्टिकल मॉड्यूल) देतं. ॲक्टिव्हमध्ये स्विचमध्ये साधं मॉड्यूल राहतं आणि ट्रान्सपॉन्डर त्याचा सिग्नल उचलून ठरलेल्या लॅम्बडावर, म्हणजे तरंगलांबीवर, पुन्हा पाठवतो. दुसरी, वाटेत प्रकाश मंदावला तर ते कोणाला कळतं आणि त्यावर कोण काही करतं. तुम्ही पैसे मोजताय ते मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचे.

आता तुमचा हिशेब. १५५० ला फायबरचा ऱ्हास किलोमीटरला ०.२२ डीबी (प्रकाश किती घटला त्याचं माप) धरला तर ३८ किलोमीटरला ८.४ डीबी. शहरातली केबल, वर रस्तारुंदीकरण आणि मेट्रोची खोदाई, तेव्हा मूळ जॉइंट आणि दुरुस्तीचे जॉइंट मिळून तीस तरी असतील. प्रत्येकी ०.१ धरा, ३ डीबी. दोन्ही टोकांच्या ओडीएफवरचे (केबल संपते त्या जोडपट्टीवरचे) कनेक्टर धरून आणखी २. झाले १३.४. तुम्ही लिहिलंय की पाठवताना अधिक १ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आणि पोचताना उणे साडेबाराच्या आसपास दिसतं. म्हणजे हिशेब आणि प्रत्यक्ष जुळतंय, मार्ग निरोगी आहे.

४० किलोमीटरच्या १०जी मॉड्यूलला सर्वसाधारणपणे १५ डीबीचं बजेट असतं: किमान उणे १ ने पाठवतं, उणे १६ पर्यंत ऐकू येतं. म्हणून आज तुमची लिंक सुखात आहे. आता मधे दोन मक्स घाला. आठ चॅनलच्या फिल्टरवाल्या मक्सला दोन डीबी धरा, दोन टोकांचे चार. १३.४ चे १७.४ झाले. बजेट १५ चं. दुसऱ्या विक्रेत्याने यादीत "डीडब्ल्यूडीएम एसएफपी प्लस, ४० किलोमीटर" (डीडब्ल्यूडीएम म्हणजे रंग अगदी जवळजवळ बसवणारा प्रकार) लिहिलंय, कारण तुमचा मार्ग ३८ चा आहे. डब्यावरचे किलोमीटर हे मक्स नसतानाचे असतात, आणि तेही नव्याकोऱ्या फायबरचे. कोटेशनमध्ये किलोमीटर वाचूच नका, डेटाशीट मागवा आणि डीबी वाचा.

तुम्हाला ८० किलोमीटरवालं मॉड्यूल लागेल. किमान ० डीबीएम पाठवतं, उणे २३ पर्यंत ऐकतं, बजेट २३. त्यातून १७.४ गेले, ५.६ उरले. तीन डीबी मी कायम राखून ठेवतो, कारण पुढच्या चार-पाच वर्षांत जेसीबी दोनचारदा तरी तुमची केबल उचकटणार आणि दर वेळी एका तुटीला दोन जॉइंट वाढणार. तरी अडीच डीबी हातात राहतात. चालेल.

"मग चाळीस चॅनलचाच मक्स घेऊन ठेवू, पुढची चिंता नको" असं वाटेल. चाळीस चॅनलच्या एडब्ल्यूजीला एका डब्यामागे पाचेक डीबी जातात, दोन टोकांचे दहा. मग १३.४ अधिक १० म्हणजे २३.४. पहिल्याच दिवशी बजेट संपलं आणि ॲम्प्लिफायर आला, म्हणजे पहिल्या विक्रेत्याचं कोटेशन. तो खोटं बोलत नाहीये, तुम्ही न मागितलेल्या चाळीस चॅनलचा हिशेब मांडतोय. त्याऐवजी आठ चॅनलचा मक्स घ्या, पण एक्स्पान्शन पोर्ट असलेला. पुढे दुसरा आठाचा डबा त्याच पोर्टला जोडता येतो. त्या पोर्टचाही थोडा ऱ्हास असतो, तो आजच मोजून ठेवा. मॉनिटर पोर्टही मागा. एक टक्का प्रकाश बाजूला काढून देणारं ते छोटं भोक रात्री तीन वाजता सोन्याचं ठरतं. लिंक न तोडता आत कोणकोणते रंग जिवंत आहेत ते त्यावर पाहता येतं.

सीडब्ल्यूडीएम (रंगांत ऐसपैस अंतर ठेवणारा प्रकार) की डीडब्ल्यूडीएम हे तुम्ही विचारलं नाही, पण दुसऱ्या विक्रेत्याच्या पर्यायी यादीत सीडब्ल्यूडीएम आहे आणि ते बरंच स्वस्त दिसतंय, म्हणून लिहितो. सीडब्ल्यूडीएममध्ये १२७१ ते १६११ नॅनोमीटरमध्ये वीस-वीसच्या अंतराने अठरा चॅनल बसतात. अंतर एवढं ऐसपैस ठेवण्याचं कारण साधं आहे: त्यातल्या लेसरला थंड ठेवायची सोय नसते. तापमान एक अंशाने वाढलं की रंग ०.१ नॅनोमीटरच्या आसपास सरकतो. पत्र्याच्या खोलीत पहाटेच्या १५ अंशांपासून एप्रिलच्या दुपारी ५५ अंशांपर्यंत मॉड्यूल तापलं तर चार नॅनोमीटरचा फेरफटका होतो, तरी तो आपल्या वीसच्या गल्लीतच राहतो. डीडब्ल्यूडीएममध्ये १०० गिगाहर्ट्‌झचं अंतर म्हणजे जेमतेम ०.८ नॅनोमीटर. तिथे लेसरला स्वतःचं शीतकरण लागतं, म्हणून किंमत वाढते.

कागदावर अठरा चॅनल असले तरी हाती येतात आठ, १४७१ ते १६११ चे. खालच्या चॅनलना ऱ्हास जास्त, आणि जुन्या केबलमध्ये १३८३ च्या आसपास पाण्याच्या अंशामुळे प्रकाश शोषला जातो. जी.६५२.डी प्रकारच्या फायबरमध्ये तो दोष काढलेला आहे, पण शहरातल्या भाड्याच्या मार्गात कुठला तुकडा कुठल्या सालचा आहे हे भाडं घेणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. खरी अडचण मात्र वेगळीच आहे. आपण सर्रास वापरतो तो अर्बियमचा ॲम्प्लिफायर, ईडीएफए, १५३० ते १५६५ या पट्ट्यात काम करतो. आठ सीडब्ल्यूडीएम चॅनलपैकी दोनच त्यात येतात. उद्या बारामतीला जाताना या सगळ्या गुंतवणुकीचा काही उपयोग नाही. चार चॅनलवर कायमचं थांबायचं असतं तर मी सीडब्ल्यूडीएमच सांगितलं असतं. तुम्ही थांबणार नाही.

सीडब्ल्यूडीएमचा एक अनुभव मात्र सांगायलाच हवा, कारण पॅसिव्ह घेतल्यावर तुमच्या वाट्याला काय येतं ते त्यातून कळेल. सिंहगड रोडला एका इमारतीच्या तळघरात आमचा आठ चॅनलचा डबा होता. एका रात्री १६११ बंद पडला. १५९१ दर दहा मिनिटांनी डोळे मिचकावत होता. १५५१ पासून खालचे सगळे ठणठणीत. आम्ही १६११ चं मॉड्यूल बदललं, काही नाही. समोरच्या टोकाचं बदललं, काही नाही. पॅचकॉर्ड पुसल्या, बदलल्या. मक्सच बिघडला म्हणून नवा मागवायची तयारी झाली. ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती प्रकाश गळतो ते दाखवणारं यंत्र) १३१० वर लावला तर रेघ गुळगुळीत. शेवटी कोणीतरी तो १६२५ वर लावला, आणि टोकापासून पहिल्या काही मीटरवरच साडेतीन डीबीची पायरी दिसली. त्या दिवशी दुपारी एका नव्या पोराने रॅकमधल्या वायरी फार सुबक बांधल्या होत्या. पिवळ्या पॅचकॉर्डला काटकोनात वळवून वर प्लॅस्टिकचा टाय कचकन आवळला होता. फायबर वाकलं की आधी लांब तरंगलांबी गळते. १३१० ला ते वळण जाणवतच नाही, १६११ ला फाशी बसते. खिशातल्या नेलकटरने टाय तोडला आणि १६११ उठला. पहाटेचे सव्वाचार झाले होते.

या गोष्टीतलं तंत्र सोपं आहे, पण पाहा की डब्याने आम्हाला एक अक्षर सांगितलं नाही. तो सांगूच शकत नाही. पॅसिव्हमध्ये लिंक डाउन झाली एवढंच कळतं, आणि तेही बऱ्याचदा ग्राहकाच्या फोनवरून. याच बिघाडाला ॲक्टिव्ह यंत्रणा दुपारीच ओरडली असती. ट्रान्सपॉन्डरमध्ये जी.७०९ या मानकाची चूकदुरुस्ती असते. नेहमीच्या रीड-सॉलोमन कोडने सहाएक डीबीचा फायदा मिळतो, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते तिचं मोजमाप. दुरुस्तीपूर्वी किती बिट चुकले याचा आकडा ती सतत देते. ग्राहकाचं एकही पॅकेट हरवलेलं नसतं आणि तुमच्या स्क्रीनवर तो आकडा चढताना दिसतो. फुटायच्या आधी पाइप पाझरतोय हे कळण्यासारखं आहे.

मग हिंजवडीला पॅसिव्ह का सांगतोय? कारण तुमच्या अंतरावर हे डोळे बऱ्याच अंशी फुकट मिळवता येतात. प्रत्येक एसएफपी आपण किती प्रकाश पाठवतोय आणि किती पोचतोय हे स्विचला सांगतं. आकडा अचूक नसतो, मानकातच तीन डीबी इकडेतिकडे चालतात. पण तुम्हाला आकडा नकोय, बदल हवाय. लिंक चालू केल्याच्या दिवशी प्रत्येक लॅम्बडाची पातळी लिहून ठेवा. दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने (उपकरणांचे आकडे दुरून वाचायच्या प्रोटोकॉलने) वाचा. दोन डीबीने घसरली की मेसेज येऊ द्या. एकच लॅम्बडा घसरला तर मॉड्यूल किंवा पॅचकॉर्ड, सगळे सारखे घसरले तर केबल किंवा तिच्यातलं वळण. एवढं एका पोराचं दोन दिवसांचं काम आहे, आणि मी पाहिलेल्या दहातल्या आठ पॅसिव्ह जाळ्यांत ते कोणी केलेलं नसतं. करणार नसाल तर मात्र ॲक्टिव्ह घ्या, मी मनापासून सांगतोय.

विजेचा मुद्दा विक्रेता सांगतो तेवढा मोठा नाही. पुण्यात गुरुवार हा वीज देखभालीचा वार, पॅसिव्ह डब्याला त्याचं सोयरसुतक नाही हे खरं. पण डब्याशेजारचा स्विच तरी विजेवरच चालतो ना? टोकांना काही फरक पडत नाही. फरक पडतो तो मधल्या ठिकाणी. उद्या तुम्हाला वाटेत स्वारगेटजवळ एका इमारतीसाठी एक लॅम्बडा उतरवायचा असेल, तर पॅसिव्ह ओएडीएम (एखादाच रंग उतरवणारा-चढवणारा डबा) हॅन्डहोलमध्ये (रस्त्याखालच्या केबलच्या खड्ड्यात) क्लोजरच्या आत बसतो. तिथे ना मीटर, ना इन्व्हर्टर, ना जागेचं भाडं. फक्त एक विचारून घ्या: काही एडब्ल्यूजी डब्यांना आतली चिप ठरावीक तापमानावर ठेवायला हीटर असतो, आणि तेही "पॅसिव्ह" म्हणूनच विकले जातात. एथर्मल (हीटरशिवाय चालणारा) आहे का ते लेखी घ्या. आठ चॅनलच्या फिल्टरवाल्या डब्याला हा प्रश्न येत नाही.

स्पेअरचाही हिशेब करा. आठ रंग म्हणजे आठ वेगवेगळी मॉड्यूल्स, आणि बंद पडतं नेमकं ते जे कपाटात नसतं. एक ट्यूनेबल एसएफपी प्लस घेऊन ठेवा, हवा तो चॅनल त्यावर लावता येतो. महाग आहे, पण आठ स्पेअरपेक्षा स्वस्त. आणि तुमचा स्विच परक्या कंपनीचं मॉड्यूल स्वीकारतो का, ८० किलोमीटरच्या मॉड्यूलची उष्णता सोसतो का, हे एक जोडी आधी उसनी आणून तपासा. टेबलावर तपासताना मधे अटेन्युएटर (प्रकाश मंद करणारा जोड) लावायला विसरू नका. ही मॉड्यूल्स उणे ७ पेक्षा जास्त प्रकाश घ्यायला बनलेली नाहीत, छोट्या पॅचकॉर्डने थेट समोरासमोर जोडली तर रिसीव्हर कायमचा आंधळा होऊ शकतो. आमच्याकडे असे दोन झालेत.

आता बारामती. हडपसरहून दिवे घाट, सासवड, जेजुरी करत केबल सव्वाशे नाही तरी १०५ किलोमीटर धरा. फायबरचे २३ डीबी, जॉइंटचे सहा, कनेक्टरचे दोन. मक्स लावायच्या आधीच ३१. इथे पॅसिव्हचा विषय संपला. शिवाय दुसरं एक गणित आडवं येतं. १५५० ला रंगपसरण किलोमीटरला १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर, म्हणजे १०५ ला १७८५. ८० किलोमीटरचं मॉड्यूल १६०० च्या आसपास हात टेकतं. प्रकाश कितीही वाढवला तरी पल्स एकमेकांत मिसळलेल्याच पोचणार. ॲम्प्लिफायर घेतला आणि पसरण विसरलात, असा गाळात रुतलेला प्रकल्प मी डोळ्यांनी पाहिलाय: रिसीव्ह पातळी झक्कास, आणि लिंक उठतच नाही. तिथे पसरण भरून काढणारं मॉड्यूल लागतं, किंवा कोहेरंट ऑप्टिक्स, जी हे काम आतल्या चिपमध्येच करते.

हडपसरला बूस्टर (पाठवतानाचा ॲम्प्लिफायर) आणि बारामतीला प्रीॲम्प (पोचतानाचा) एवढ्यावर भागू शकतं. १७ डीबीएमचा बूस्टर आठ लॅम्बडांत वाटला की प्रत्येकाला ८ येतात, ३१ गेल्यावर उणे २३ ने प्रीॲम्पमध्ये शिरतात. तिथे सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर तीसेक डीबी राहतं, १०जीला ते भरपूर आहे. म्हणजे जेजुरीला ॲम्प्लिफायरची खोली बांधायलाच पाहिजे असं नाही. पण जेजुरीला ग्राहक उतरवायचे असतील तर बांधा, आणि तिथला बॅटरी बॅकअप टोकांपेक्षा दुप्पट ठेवा. मधला ॲम्प्लिफायर झोपला की आठही लॅम्बडा एका क्षणात जातात.

बूस्टर आला की पोरांना आधी एक शिकवा. आपल्याकडे फायबर डोळ्यासमोर धरून "लाइट येतोय का" बघायची सवय आहे, कारण दोष शोधायचा लाल लेसर तसा दिसतो. १५५० डोळ्याला दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही दिसत नाही, कारण त्याच्या सिलिकॉनला ११०० च्या पलीकडचं कळतच नाही. बूस्टरचा १७ डीबीएम म्हणजे ५० मिलिवॅट. पॉवर मीटर लावा, डोळा नाही. आणि कनेक्टर पुसूनच जोडा. एवढ्या प्रकाशात धुळीचा कण टोकावर भाजून निघतो आणि कनेक्टरसकट जातो.

ॲक्टिव्ह यंत्रणेबरोबर ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या मार्गावर उडी मारणारं प्रोटेक्शन विकायला येईल. घ्या, पण आधी दोन्ही मार्ग गाडीने फिरून बघा. नकाशावर ते दोन वेगळ्या रंगांचे असतात आणि नदी मात्र एकाच पुलावरून ओलांडतात. बारामतीच्या बाबतीत तर आषाढात पालखी दिवे घाटातून सासवडला जाते त्या दिवशी तुमची स्प्लायसिंगची (तुटलेलं फायबर जोडणारी) गाडी घाट चढूच शकत नाही. दुसरा मार्ग सोलापूर रस्त्याने यवत-वरवंडकडून घेतलात तर तिथून त्याच सुमारास तुकोबांची पालखी चाललेली असते. त्या आठवड्यात दोन्ही टोकांना एकेक माणूस आणि स्प्लायसर आधीच पोचवून ठेवणं हाच उपाय.

एक वाट मधली आहे, ती तुम्हाला दोन वर्षांनी लागेल. राउटरमध्येच बसणारी ४००जीची कोहेरंट मॉड्यूल्स, ४००झेडआर नावाची, चूकदुरुस्ती स्वतःच करतात आणि तिचे आकडेही देतात. म्हणजे पॅसिव्ह डब्याला ॲक्टिव्हचे डोळे मिळतात. पण मानकातलं मॉड्यूल उणे १० डीबीएमच्या आसपासच पाठवतं, बिनॲम्प्लिफायरचं बजेट ११ डीबी. तुमचा मार्ग १३.४ चा, म्हणजे हिंजवडीलाही ॲम्प्लिफायर लागेल. ० डीबीएमची जास्त ताकदीची मॉड्यूल्स मिळतात, ती घेतली तर कदाचित नाही. मक्सचा पासबँड (एका रंगासाठीची मोकळी रुंदी) ७५ गिगाहर्ट्‌झ किंवा जास्त लागेल, आजचा १०० चा आठाचा डबा तेव्हा कामाला येईल की नाही हे त्याच्या डेटाशीटवरून आत्ताच बघता येतं.

राहिला लिंक बंद ठेवण्याचा प्रश्न. तुमचं आजचं १५५० चं साधं मॉड्यूल मक्समधून जाणार नाही. त्याचा रंग कुठल्याच चॅनलला बांधलेला नाही, तेव्हा पहिल्याच लिंकचं मॉड्यूल दोन्हीकडे बदलावं लागेल. डबे रॅकमध्ये आदल्या दिवशी बसवा, चारही लॅम्बडांची मॉड्यूल्स, पॅचकॉर्ड, लेबलं लावून तयार ठेवा. उदाहरणार्थ चॅनल ३१, म्हणजे १५५२.५२ नॅनोमीटर, जुन्या लिंकसाठी. रविवारी पहाटे तीनला दोन्ही टोकांना एकेक माणूस, फोन चालू. ओडीएफवरून जुनी पॅचकॉर्ड काढायची, टोक पुसायचं, मक्सची कॉमन पोर्ट लावायची, पातळी वाचायची. उणे १४ ते उणे १७ दिसली तर पुढे जा. उणे २० दिसली तर कुठेतरी घाण आहे, पुन्हा पुसा. वीस मिनिटांत होतं. एक तासाची सूचना ग्राहकांना द्या. आणि जुनी मॉड्यूल्स खिशात ठेवा, साडेतीनपर्यंत उठलं नाही तर परत लावून घरी जायला.